फसवून पैसे पाठवायला लावले तर भरणार कोण? आपला नियम आणि ब्रिटनचा

समजा रावेरच्या केळीवाल्या शेतकऱ्याला फोन आला, केवायसी संपली, खातं बंद होईल, आणि त्याने घाबरून स्वतःच यूपीआय पिन टाकून 40 हजार पाठवले.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचा 2017 पासूनचा नियम आहे, त्यात परवानगीशिवाय पैसे गेले, चूक बँकेची नाही, ग्राहकाची नाही, तिसऱ्याचीच असली आणि 3 कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाचं नुकसान शून्य, 10 कामाच्या दिवसांत रक्कम जमा करायची, आणि दोष ग्राहकाचा हे सिद्ध करायचं काम पण बँकेचंच. नियम चांगलाच आहे हो. पण इथं पिन त्याने स्वतः टाकला ना, मग बँकवाले म्हणतात व्यवहार तुम्हीच केला, विषय संपला.

ब्रिटनमध्ये 7 ऑक्टोबर 2024 पासून असे फसून स्वतः पाठवलेले पैसे पण बँकेने परत द्यायचे, 85 हजार पौंडांपर्यंत, साधारण 5 कामाच्या दिवसांत, आणि भार पैसे पाठवणाऱ्या व घेणाऱ्या बँकेवर निम्मा-निम्मा. हे निम्मं-निम्मं मला फार पटतं, कारण चोराच्या हाती लागलेलं ते खातं कोणत्या तरी बँकेनेच उघडून दिलेलं असतं, मग तिने का नाही भरायचं? 100 पौंडांपर्यंत कापता येतात, ग्राहकाची अगदीच बेफिकिरी असेल तर नाकारता पण येतं, म्हणजे खिरापत नाहीये.

मला ब्रिटनचाच बरा वाटतो. इकडे मात्र पैसे गेले की लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, बँकेला लेखी कळवा, 30 दिवसांत नाही ऐकलं तर सरळ रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा.