रिकाम्या व्हेक्टरवर लूप: कोलन, सेक, सेक_लेन की सेक_अलाँग?

आर या प्रोग्रामिंग भाषेत १:० लिहिलं की रिकामा सीक्वेन्स, म्हणजे एकही आकडा नसलेली क्रमवार यादी, मिळेल असं वाटतं. मिळतात दोन आकडे: १ आणि ०. कोलनला, म्हणजे मधल्या ':' ला, फक्त दोन टोकं कळतात. डावं मोठं असेल तर तो मुकाट उलटा मोजतो. ज्युलिया आणि मॅटलॅबमध्ये हेच १:० रिकामं असतं, पायथॉनमध्ये रेंज(१, ०) रिकामी असते. तिकडून आरकडे वळलेली मंडळी इथे हमखास अडखळतात.

नुकसान नेमकं कसं होतं ते पाहू. 'गुण' हा व्हेक्टर, म्हणजे एकाच प्रकारच्या किमतींची यादी, रिकामा आहे, 'दुप्पट'ही अजून रिकामाच आहे, आणि कोड असा आहे:

फॉर (आय इन १:लेंग्थ(गुण))
  दुप्पट[आय] <- गुण[आय] * २

लूप एकदाही फिरायला नको होता, तो दोनदा फिरतो. पहिल्या फेरीत गुण[१] अस्तित्वातच नाही, म्हणून एनए, म्हणजे 'किंमत उपलब्ध नाही' ही खूण, हाती येतो आणि दुप्पट[१] मध्ये जाऊन बसतो. दुसऱ्या फेरीत गुण[०] म्हणजे शून्य लांबीचा व्हेक्टर. तो दुप्पट[०] मध्ये टाकल्यावर काहीच घडत नाही, तक्रारही येत नाही. शून्य नोंदी आत गेल्या आणि एक एनए बाहेर आला. एरर नाही, वॉर्निंग नाही. गुण[[आय]] असा दुहेरी कंस वापरला असता तर पहिल्याच फेरीत 'सबस्क्रिप्ट आउट ऑफ बाउंड्स' म्हणत गाडी थांबली असती, आणि ते बरंच झालं असतं.

मग पर्याय कोणता घ्यायचा?

एखाद्या व्हेक्टरवरून किंवा लिस्टवरून चालत जायचं असेल तर १ पासून लांबीपर्यंतचे आकडे देणारा सेक_अलाँग(गुण), आणि त्यावर फार विचारही करू नये. रिकाम्यावर तो शून्य लांबीचा इंटिजर व्हेक्टर देतो आणि लूप फिरतच नाही. एकच जपायचं: डेटा फ्रेमवर, म्हणजे ओळी-कॉलमच्या तक्त्यावर, सेक_अलाँग कॉलम मोजतो, ओळी नाही. ओळी हव्या असतील तर सेक_लेन(एनरो(तक्ता)).

सेक_लेन हा संख्येवर चालणारा भाऊ. शून्य दिलं तर रिकामं, पाच दिलं तर १ ते ५. उणे संख्या दिली तर सरळ एरर. काहींना हा हट्टीपणा वाटतो. मला तो सेक_लेनचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. संख्या उणे आली याचा अर्थ हिशेब आधीच कुठेतरी चुकला आहे, आणि ते तिथल्या तिथे कळलेलं बरं. कोलन अशा वेळी १, ०, -१ असं निमूटपणे हातात ठेवतो.

साध्या सेकच्या वाटेला इथे जाऊच नये. सेक(गुण) रिकाम्या व्हेक्टरवर नीट वागतो, म्हणून विश्वास बसतो. पण व्हेक्टरमध्ये एकच आकडा उरला, समजा ४०, की तोच सेक(गुण) १ ते ४० देतो. म्हणजे रिकाम्याची अडचण सुटली आणि एकट्याची नवी उभी राहिली. यादृच्छिक निवड करणाऱ्या सॅम्पल फंक्शनलाही हीच खोड आहे.

लूपच्या आधी 'लांबी शून्यापेक्षा जास्त असेल तरच' अशी इफची अट घालणं चुकीचं नाही, पण ती प्रत्येक लूपला आठवणीने घालावी लागते. रिकाम्या डेटासाठी वेगळा संदेश द्यायचा असेल तर इफ जरूर ठेवा, फक्त कोलनला सांभाळण्यासाठी नको.

खरी गंमत '२ पासून एन पर्यंत' मध्ये आहे; एन म्हणजे नोंदींची संख्या. लगतच्या दोन किमतींमधला फरक काढताना असा लूप लागतो, आणि इथे सेक_अलाँग जसाच्या तसा बसत नाही. २:एन लिहिलं आणि एकच नोंद असली तर २, १ अशा दोन फेऱ्या होतात. उत्तर फरक[आय - १] मध्ये साठवत असाल तर शेवटी एक एनए गुपचूप उरतो. फरक[आय] मध्ये साठवत असाल तर दुसऱ्या फेरीत 'रिप्लेसमेंट हॅज लेंग्थ झिरो' ही एरर येते. चूक एकच, पण ती दिसणार की लपणार हे साठवण्याच्या पद्धतीवर ठरतं. सेक(२, एन, बाय = १) इथे 'राँग साइन' म्हणून थांबतो; एक नोंद असणं तुमच्या कामात चालत असेल तर तेही नको. सेक_लेन(एन - १) + १ एका नोंदीवर ठीक चालतो, शून्यावर मात्र उणे एकमुळे अडतो. माझी पसंती सेक_लेन(एन)[-१] ला, म्हणजे पहिला आकडा वगळून उरलेल्यांना: शून्य असो वा एक, दोन्हीकडे रिकामं. आरलँग पॅकेज आधीच वापरात असेल तर त्यातलं सेक२(२, एन) वाचायला आणखी सोपं आहे. सुरुवात शेवटापेक्षा मोठी असली की ते रिकामंच देतं. अर्थात नुसता फरकच हवा असेल तर त्यासाठीचं तयार फंक्शन डिफ आहेच.

वेगासाठी कोलनला चिकटून राहायचं कारण उरलेलं नाही. आर ३.५.० पासून, म्हणजे २०१८ पासून, कोलनचा आणि सेक_लेनचा सीक्वेन्स आतून सारख्याच आटोपशीर रूपात साठवला जातो. दोन्ही टोकं कोडमध्ये आकड्यांनी लिहिलेली असतील, जसं १:१२, तर कोलन बिनधास्त वापरा.

लूपच टाळून, प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणाऱ्या सॅप्लायकडे वळलात तरी रिकाम्याचा प्रश्न वेगळ्या रूपात येतो: रिकाम्या इनपुटवर सॅप्लाय रिकामी लिस्ट देतो, व्हॅप्लाय मात्र सांगितलेल्या प्रकाराचा रिकामा व्हेक्टर देतो. पुढच्या कोडला आकडे अपेक्षित असतील तर व्हॅप्लायच घ्या.

जुना कोड तपासायचा असेल तर कोडमधल्या खटकणाऱ्या जागा दाखवणाऱ्या लिंटर पॅकेजमधला सेक_लिंटर १:लेंग्थ(...) आणि १:एनरो(...) शोधून देतो. लांबी आधी एन मध्ये साठवून मग १:एन किंवा २:एन लिहिलं असेल तर ते त्याच्या नजरेतून सुटतं. त्या जागा हाताने शोधाव्या लागतात. सुरुवात २: पासून करा.