मधुमेहाचा पडदा: इंजेक्शन घ्यायचं की लेझर?

आईच्या उजव्या डोळ्यात आतापर्यंत अकरा इंजेक्शनं झाली. डाव्याला लेझर झालं, दोन बैठकांत. शुगर तीच, डॉक्टर तेच, तरी दोन डोळ्यांना दोन उपचार. करमाळ्यातली ओळखीची माणसं विचारतात, "मग त्यातलं चांगलं कुठलं?" दरवेळी तोंडी सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढतो. मी डॉक्टर नाही, पडद्याच्या डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकावर बसणारा मुलगा आहे.

आधी हे समजून घ्या की 'शुगरमुळे पडदा खराब झाला' असं आपण म्हणतो, त्यात दोन वेगळी दुखणी असतात. पडद्याच्या मधोमध मॅक्युला असतो. वाचणं, चेहरे ओळखणं सगळं त्याच्यावर. बारीक रक्तवाहिन्या पाझरून तिथे सूज येते, हे पहिलं. दुसऱ्यात पडद्याला रक्त कमी पडतं म्हणून त्यावर नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या उगवतात. त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होतो, नाहीतर त्यांच्याबरोबर वाढलेली जाळी आकसून पडदाच ओढून काढते. आईच्या उजव्या डोळ्याला पहिलं होतं, डाव्याला दुसरं. आपल्या फाईलवर यातलं काय लिहिलंय ते आधी डॉक्टरांना विचारा. काहींना दोन्ही असतं.

मधोमध सूज असेल तर

इथे फारसा वाद उरलेला नाही. पूर्वी या सुजेलाही लेझरच करत. १९८५ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं की लेझरने नजर घटण्याचा धोका जवळपास निम्म्यावर येतो. पण गेलेली नजर त्याने क्वचितच परत यायची. इंजेक्शनने ती बऱ्याच जणांची काही प्रमाणात परत येते. आईला भिंतीवरच्या कॅलेंडरात फक्त मोठे आकडे दिसायचे. पाचव्या इंजेक्शननंतर ती तिथी वाचायला लागली.

औषधं मुख्यतः तीन: बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब आणि अफ्लिबरसेप्ट. पहिलं मुळात आतड्याच्या कॅन्सरसाठी आलं आणि तिघांत सगळ्यात स्वस्त. दुसऱ्याचं भारतात बनलेलं रूप २०१५ पासून मिळतं. त्याच वर्षी तिन्ही औषधांची तुलना प्रसिद्ध झाली. नजर थोडीच कमी झालेली असेल, म्हणजे ६/१२ किंवा त्याहून बरी, तर तिघांत फरक दिसला नाही. नजर त्याहून खाली असेल तर पहिल्या वर्षी अफ्लिबरसेप्ट सरस ठरलं. पुढे २०२२ मध्ये असंही दिसलं की स्वस्त औषधाने सुरुवात करून गरज पडली तरच महागड्यावर गेलं, तरी दोन वर्षांनी नजर सारखीच राहते. त्यामुळे स्वस्त इंजेक्शन घेताना आईवर अन्याय करतोय असं मनात आणू नका. मात्र त्याची मोठी बाटली छोट्या डोसांत वाटून वापरतात. ते काम निर्जंतुक जागी होतं ना, एवढं विचारायला लाजू नये.

सूज आहे पण नजर जवळजवळ पूर्ण आहे, अशांनी थांबून नजर ठेवली तरी चालतं, हे २०१९ च्या अभ्यासात दिसलं. थांबायचं म्हणजे घरी बसायचं नव्हे, ठरलेल्या तारखेला ओसीटी (पडद्याची सूज दाखवणारं स्कॅन) करत राहायचं.

नव्या रक्तवाहिन्या असतील तर

खरी निवड इथे आहे. लेझर इथे १९७० च्या दशकापासून वापरात आहे. मधला भाग सोडून पडद्याच्या कडेला शेकड्याने डाग देतात. कडेची रक्ताची मागणी कमी झाली की नव्या वाहिन्या वाळतात. दोन-तीन बैठकांत बहुतेकांचं काम होतं, पण कडेचं आणि अंधारातलं दिसणं थोडं कमी होतं. आई आता रात्री गोठ्यात बॅटरीशिवाय जात नाही. मधली सूज असेल तर ती लेझरने वाढूही शकते. इंजेक्शनने कडेची नजर जास्त शाबूत राहते आणि २०१५ मध्येच आलेल्या दुसऱ्या एका अभ्यासात दोन वर्षांनी मधली नजर लेझरपेक्षा कमी भरली नाही.

एवढं वाचून कुणीही इंजेक्शनच म्हणेल. आम्हीही म्हणालो होतो.

पण इंजेक्शनचा असर उतरतो. सुजेसाठी पहिल्या वर्षी साधारण नऊ-दहा लागतात, या आजारातही वर्षानुवर्षं फेऱ्या असतात. आम्हाला पुण्याला जायचं म्हणजे एसटीने जाऊन-येऊन सगळा दिवस. आषाढीला दिंडी गावात मुक्कामाला, घरी पंगत, मग पेरणी. उजव्या डोळ्याची तारीख आम्हीच सात आठवडे ढकलली. ओसीटीत सूज पुन्हा डोंगराएवढी. ती दोन इंजेक्शनांनी आवरली. डाव्याचं ठरवताना डॉक्टरांनी फाईलमधलं ते रिकामं पान दाखवलं आणि म्हणाले, "काकू, असं डाव्या डोळ्याचं झालं तर मला आवरता येणार नाही." नुसत्या इंजेक्शनांवर असलेले रुग्ण सहा महिन्यांहून जास्त काळ आलेच नाहीत, तर लेझर झालेल्यांपेक्षा त्यांच्यात पडदा सुटण्याचं प्रमाण बरंच जास्त असतं, हे अमेरिकेतल्या एका पाहणीत दिसलंय. लेझर एकदा झालं की त्याचा परिणाम टिकतो. डॉक्टर गल्लीत असते तर आम्ही इंजेक्शन निवडलं असतं. करमाळ्यातून लेझर बरं पडलं. (तपासणी मात्र लेझरनंतरही सुटत नाही.)

बाकीचं थोडक्यात

स्टिरॉइडची कांडी डोळ्यात सोडतात, ती तीन-चार महिने काम करते. पण मोतीबिंदू आणि डोळ्याचा दाब वाढवते, म्हणून काचबिंदू असेल तर जपून. गरोदरपणात इंजेक्शन शक्यतो टाळतात. नुकताच हार्ट अटॅक किंवा लकवा येऊन गेला असेल तर इंजेक्शनआधी सांगायलाच हवं.

दुखण्याचं म्हणाल तर इंजेक्शनला सुन्न करणारे थेंब घालतात. आई म्हणते, "सुई दिसतच नाही रे, भीती फक्त आदल्या रात्री." लेझरचे शेवटचे फटके तिला टोचले. खर्चाचं आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, जन आरोग्य योजनेत आपलं काय बसतं ते तोच सांगेल.

गोळ्या दोन्हींत सुटत नाहीत. रक्तदाब नीट आवरल्याने पडद्याचा आजार वाढण्याचा धोका सुमारे ३४ टक्क्यांनी कमी झाला, असं १९९८ च्या ब्रिटिश अभ्यासात दिसलं. आईचा वरचा आकडा १६० होता आणि घरात चर्चा फक्त साखरेची चालायची.

इंजेक्शननंतर पांढऱ्या भागावर लाल डाग दिसला तर घाबरू नका, तो आठवड्या-दोन आठवड्यांत जातो. दुखणं वाढत गेलं, डोळा लाल होऊन नजर धूसर झाली, तर मात्र दुसऱ्या दिवसाची एसटी बघू नका. मिळेल त्या गाडीने त्याच रात्री निघा.