नववीला आधी काय शिकवावं: होलोकॉस्ट की रवांडा?

नरसंहार शिकवायचा म्हटलं की आपल्या नागपुरातही पहिलं नाव होलोकॉस्टचंच, म्हणजे नाझी जर्मनीने केलेल्या ज्यूंच्या कत्तलीचंच निघतं. कागदपत्रं भरपूर, टप्पे स्पष्ट: 1935च्या न्यूरेंबर्ग कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व गेलं, मग धंदे, मग जीव. पण साठ लाख ज्यू हा आकडा ऐकून मुलं गप्प होतात, 'तिकडचं, जुनं' म्हणून सोडून देतात.

मी आफ्रिकेतला रवांडा आधी घेईन. 1994, जेमतेम शंभर दिवसांत हुतू समाजातल्या कट्टरांनी केलेली तुत्सी समाजाची कत्तल. ओळखपत्रावर हुतू की तुत्सी याची नोंद, रेडिओवरून तुत्सींना झुरळं म्हणणं, आणि मारणारे कित्येकदा शेजारीच. मोबाइलवर येईल ते पुढे ढकलणाऱ्या पोरांना हे थेट भिडतं. प्रेतांचे फोटो मात्र नकोत. ते ओळखपत्र फळ्यावर काढा, पुरे. मानवी हक्कांच्या तासाला दीक्षाभूमीवर न्या. माणूस म्हणून मान मिळावा यासाठी 1956मध्ये लाखोंनी इथे धम्म स्वीकारला.