सीजे-3बी जीप, बदललेले इंजिन आणि 129 दात्यांचे फ्लायव्हील : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जुन्या सीजे-3बी जीपचा ब्लॉक तडकल्यावर तिच्यात नंतरच्या काळातील, 12 व्होल्टच्या विद्युत यंत्रणेच्या जीपचे हरिकेन पेट्रोल इंजिन बसवले. ते इंजिन बेल हाउसिंगसह (इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधल्या कवचासह) मिळाले, पण फ्लायव्हीलशिवाय, म्हणजे इंजिनाच्या मागे फिरणाऱ्या त्या जड चाकाशिवाय. बरीच चौकशी करून मी मूळ वजनाचे, बिडाचे, 129 दात्यांचे वापरलेले फ्लायव्हील घेतले आणि त्यावर नवी रिंग गिअर, म्हणजे स्टार्टर ज्यात अडकतो ते दात्यांचे कडे, चढवून घेतली. एक उन्हाळा आणि एक पावसाळा ते चालवल्यानंतर हा अनुभव लिहीत आहे. निवड योग्य ठरली, असे माझे मत आहे. मात्र तिचे निम्मे श्रेय त्या भागाला आणि निम्मे तो बसवणाऱ्या कारागिराला द्यावे लागेल.

जीप बनवणाऱ्या विलिस कंपनीच्या चार सिलिंडरच्या इंजिनांची खालची बांधणी इतकी मिळतीजुळती आहे की भंगार बाजारात कोणतेही फ्लायव्हील ‘बसेल’ म्हणून हातात दिले जाते. ते क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या फ्लँजवर टेकते हे खरे, पण युद्धकाळातील एमबी जीपच्या फ्लायव्हीलला 97 दाते होते, नंतरच्या 6 व्होल्टच्या नागरी जीपला 124 आले आणि 12 व्होल्टच्या गाड्यांना 129. स्टार्टरच्या पिनियनचे (टोकाच्या लहान दातेरी चाकाचे) दाते त्या त्या रिंगशी जुळवलेले असल्यामुळे रिंग एका गाडीची आणि स्टार्टर दुसऱ्या गाडीचा असा संसार फार दिवस टिकत नाही. आधी करकर ऐकू येते, मग दाते झिजून गोल होतात आणि शेवटी पिनियन नुसता फिरत राहतो. धुळ्याच्या ज्या मिस्त्रींकडे काम दिले त्यांचे पहिलेच वाक्य होते, “भाऊ, पहिले दात मोजी ल्या, मंग पैसा द्या.” माझ्या जुन्या इंजिनाचे 124 दात्यांचे फ्लायव्हील सुस्थितीत होते आणि 6 व्होल्टचा स्टार्टर 12 व्होल्टवर थोडा वेळ फिरवला तर चालतोही, परंतु नव्या इंजिनाबरोबर आलेले हाउसिंग आणि स्टार्टर 12 व्होल्टचे असल्याने मी तो मार्ग सोडला. ज्यांचे हाउसिंग जुने आहे आणि रिंग 129 ची घ्यायची आहे, त्यांनी गिअरबॉक्स चढवण्यापूर्वी इंजिन हाताने पूर्ण फिरवून रिंग कोठे घासत नाही ना, हे पाहावे.

वापरलेले फ्लायव्हील घेताना दाते कोठे झिजले आहेत हेही पाहण्यासारखे असते. चार सिलिंडरचे इंजिन बंद होताना बहुधा समोरासमोरच्या दोनच जागांवर थांबते, त्यामुळे स्टार्टरचा मार त्याच दोन पट्ट्यांवर बसतो आणि बाकीची रिंग नव्यासारखी दिसते. विक्रेता नेमकी चांगली बाजू पुढे करतो. माझ्या भागात हेच होते, म्हणून जुनी रिंग काढून नवी तापवून चढवली. रिंग आकुंचनाच्या पकडीवर बसते. ती सर्व बाजूंनी सारखी तापवावी लागते आणि एका जागी लाल होईपर्यंत ज्योत धरली तर दात्यांचे पाणी उतरते.

खरा प्रश्न डॉवेल बोल्टचा, म्हणजे भोकात घट्ट बसून फ्लायव्हीलची जागा पक्की करणाऱ्या बोल्टचा, आहे आणि याकडे आपल्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. या इंजिनात फ्लायव्हील चार साध्या आणि दोन डॉवेल बोल्टांवर बसते. जुन्या इंजिनांत हे दोन बोल्ट निमुळते होते, म्हणजे त्यांची भोके त्या विशिष्ट क्रँक आणि फ्लायव्हीलच्या जोडीसाठीच तयार झालेली असत. दुसऱ्या जोडीत तोच निमुळता बोल्ट घातला तर तो एका बाजूला टेकतो, दुसरीकडे फट राहते, आणि क्लच सोडताना दर वेळी बसणारा हिसका ती फट वाढवत नेतो. कंपनीच्या मॅन्युअलमध्ये यावर सरळ उपाय दिला आहे : नवे फ्लायव्हील साध्या बोल्टांनी क्रँकवर घट्ट आवळायचे, निमुळती भोके 35/64 इंची ड्रिलने मोठी करायची, मग दोन्ही भागांतून एकदमच 9/16 इंची रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) फिरवायचा आणि सरळ डॉवेल बोल्ट घट्ट बसवायचे. आमच्या मिस्त्रींनी तसेच केले. त्याआधी 1 आणि 4 क्रमांकाचे पिस्टन वर आणून फ्लायव्हीलवरील टायमिंगची खूण हाउसिंगच्या खिडकीत मधोमध येते का, हे तपासले. कारण एकदा भोके रीम झाली की जागा कायमची ठरते. दोन-तीन ठिकाणी मला “त्याची गरज नाही, चार बोल्ट पुरतात” असे सांगण्यात आले होते. ते मला पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

त्यानंतर लेथवर तोंड घासून घेतले, डायल गेज लावून काठाची डगमग पाहिली, गिअरबॉक्सच्या शाफ्टचे टोक ज्यात फिरते ते क्रँकमधील पितळी पायलट बुश बदलले आणि क्लच दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटसह बॅलन्सिंग करून दोन्हींवर जुळणीची खूण मारून घेतली. शेवटचे काम स्थानिक पातळीवर होईना, म्हणून नाशिकला पाठवावे लागले. वाहतुकीसह तो खर्च फ्लायव्हीलच्या किमतीइतकाच झाला, पण या इंजिनाचे फ्लायव्हील क्रँकपासून वेगळे बॅलन्स करता येते, त्यामुळे पुढे प्रेशर प्लेट बदलली तरी सगळे इंजिन उघडावे लागणार नाही.

हलके फ्लायव्हील घ्या, असा सल्ला मलाही मिळाला होता. एका स्नेह्यांच्या जीपला काठावरून कोरून हलके केलेले फ्लायव्हील आहे आणि ती मी चालवून पाहिली. रिकाम्या रस्त्यावर इंजिन चटकन फेरे घेते, हे नाकारता येणार नाही. परंतु हरिकेन हे 2199 घनसेंटिमीटरचे, 79 मिलिमीटर बोअरच्या (सिलिंडरच्या व्यासाच्या) तुलनेत 111 मिलिमीटर लांब स्ट्रोक (पिस्टनची धाव) असलेले इंजिन आहे. त्याची खरी ओढ मिनिटाला 2000 फेऱ्यांच्या आसपास मिळते. दर अर्ध्या फेऱ्याला एकच स्फोट होत असताना मधली पोकळी भरून काढण्याचे काम फ्लायव्हील करते. साठवलेली ऊर्जा त्रिज्येच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे काठावरून काढलेला एक किलो हा मध्याजवळून, अर्ध्या त्रिज्येवरून काढलेल्या एका किलोच्या चौपट परिणाम करतो. त्या जीपमध्ये 600 फेऱ्यांवर इंजिन स्थिर राहत नाही, चढावर क्लच सोडताना ते बंद पडते, आणि कमाल ताकद मात्र तितकीच राहते.

माझ्या वापरात वजनाचा फायदा सर्वांत जास्त रावेरकडच्या केळीच्या बागांत जाणवला. ओल्या काळ्या मातीत लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ओढीच्या गिअरमध्ये), ॲक्सिलरेटरला पाय न लावता जीप चालत राहते. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना ट्रकच्या मागे रांगावे लागले तरी क्लच तापल्याचा वास आला नाही. शहाद्याहून तोरणमाळला जाताना वळणावर गिअर खाली घेताना फेरे हळू उतरतात, त्यामुळे किंचित थांबून गिअर टाकावा लागतो. ही सवय अंगवळणी पडायला थोडा वेळ गेला. मे महिन्यात जळगावात पारा 45 च्या घरात असताना गरम इंजिन पुन्हा सुरू करण्याची मला काळजी होती, पण 12 व्होल्टचा स्टार्टर आणि नवी रिंग यांनी एकदाही दगा दिला नाही. पेट्रोलच्या वापरात फरक पडलेला नाही, आणि पडावा अशी अपेक्षाही नव्हती.

तक्रारी दोन आहेत. सुरुवातीचे काही आठवडे क्लच सोडताना हलकी थरथर येत होती; क्लचची नवी प्लेट नीट बसल्यावर ती गेली, तरी थंड इंजिनावर रिव्हर्समध्ये अजून क्वचित जाणवते. दुसरे म्हणजे टायमिंगची खिडकी इतकी अडचणीची आहे की मी आता पुढच्या पुलीवरही पांढऱ्या रंगाची खूण करून ठेवली आहे आणि इग्निशनचे 5 अंश (ठिणगी किती आधी पडते ते) तेथूनच पाहतो.

हे सर्व पेट्रोल इंजिनाच्या बदल्यात पेट्रोल इंजिन बसवणाऱ्यांसाठी आहे. ज्या जीपमध्ये डिझेल इंजिन ॲडॉप्टर प्लेटने जोडलेले आहे, तेथे फ्लायव्हील त्या डिझेल इंजिनाचेच ठेवावे लागते. मग प्लेटच्या जाडीमुळे गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट पायलट बुशमध्ये पुरेसा शिरतो की नाही, हे दात्यांच्याही आधी मोजून घ्यावे.