काटा ठेवणारा घोडेवाला, नागाव

अलिबागजवळच्या नागावच्या किनाऱ्यावर घोडेवाले बरेच. मी लिहितोय तो ओळखायची खूण एकच: सुरूच्या सावलीत त्याच्या घोड्यांशेजारी प्लायवूडच्या फळीवर इलेक्ट्रॉनिक काटा ठेवलेला असतो. भंगारवाल्याकडे असतो तसा, खांबावर लाल आकडे उमटणारा. आधी काट्यावर उभं राहायचं, मग पैसे, मग घोडा. त्याने पाटी लावलेली नाही, धंद्याला नाव नाही, म्हणून मीही देत नाही. पाचपैकी चार तारे. पाचवा कुठे गेला ते खाली सांगतो.

सवारीचं आधी उरकून टाकू. सुरूपासून निघून पुळणीवरून खडकापर्यंत आणि परत, १५० रुपये. घोडा चालतो, पळत नाही. पळवा म्हटलं तरी तो पळवू देत नाही. लहान मूल असेल तर त्याच्याकडचा पोरगा लगाम धरून बरोबर चालतो. हेल्मेट एकच आहे, तेही लहान मुलांच्या मापाचं. खोगिरं जुनी, पण शिवण धड, आणि पाय ठेवायच्या दोन्ही रिकिबी सारख्या उंचीला. हसू नका, किनाऱ्यावर हे क्वचित बघायला मिळतं. प्रत्येक गिऱ्हाइकाआधी तो तंगाखाली, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याखाली, दोन बोटं घालून बघतो. मी खोगिराखालचं कापड उचलून पाठ पाहिली, जखम नाही, केस गेलेले नाहीत. दोन तांबूस तट्टं आणि एक उंच घोडी. घोडीची चाल आणि पायांची लांबी बघून मला वाटतं तिच्यात रेसचं रक्त आहे. त्याला विचारलं तर म्हणाला, “काका, घेतली तेव्हा कागद नव्हते.”

आता काटा. मी महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर जॉकींचा व्हॅले होतो. म्हणजे त्यांचं खोगीर, बूट, शिसं सांभाळणारा माणूस. नोव्हेंबर ते एप्रिल मुंबई, पावसाळ्यात पुणे. शर्यत म्हटली की लोकांना आठवतो तो शेवटचा दोनशे मीटरचा धावा. मला आठवते वजनाची खोली. तिथे कोणी मोठ्याने बोलत नसे.

काम असं चाले. कोणत्या घोड्याने किती वजन घेऊन पळायचं ते हँडिकॅपर आधी ठरवतो. चांगल्या घोड्याला जास्त, कमी कुवतीच्याला कमी, म्हणजे सगळ्यांना जिंकायची सारखी संधी. शर्यतीआधी जॉकी आपलं खोगीर घेऊन काट्यावर बसतो. ठरलेल्या वजनाला कमी पडला तर खोगिराखालच्या कापडाच्या खिशांत शिशाच्या पट्ट्या घालायच्या. हेल्मेट, चाबूक, लगाम वजनात धरत नाहीत. काट्याचा अधिकारी आकडा वाचतो आणि लिहून घेतो. शर्यत संपली की पहिल्या नंबरांच्या जॉकींनी स्वतः खोगीर उतरवायचं आणि थेट परत काट्यावर. वाटेत कुणाकडून काही घ्यायचं नाही. दोन्ही वेळचं वजन जुळलं की मगच निकाल पक्का, तोवर पैजेचं तिकीट फाडू नये. कमी भरलं तर घोडा बाद, भले तो दहा घोड्यांच्या लांबीने जिंकलेला असो. ब्रिटनमध्ये एका पौंडापर्यंत सांभाळून घेतात, त्याच्यापुढे नाही. मग जॉकी स्टुअर्डांसमोर, म्हणजे शर्यतीच्या पंचांसमोर, उभा. दंड, नाहीतर काही दिवस बंदी.

इतकं कडक कशासाठी, तर मैलभराच्या शर्यतीत ढोबळ मानाने एक किलो म्हणजे घोड्याची एक लांबी, असं धरतात. हँडिकॅप शर्यती मानेच्या अंतराने सुटतात. शिशाच्या दोन पट्ट्या वाटेत गळल्या की एखाद्याचं महिन्याचं भाडं गेलं आणि दुसऱ्याचा बंगला झाला.

युक्त्या अर्थातच आहेत. ब्रिटनमध्ये जॉकी वजनाला कागदासारखे पातळ बूट घालून बसायचे आणि बाहेर जाऊन खरे बूट चढवायचे; अशा बुटांना तिकडे ‘चीटिंग बूट’ असंच म्हणतात. कोणी छातीचं संरक्षक जाकीट काट्याआधी काढून ठेवतो आणि नंतर घालतो. हे सगळं जास्त वजन लपवायला. वजन कमी करून पळणाऱ्याबद्दल मला काडीची दया नाही, तो घोड्यावर पैसे लावणाऱ्याच्या खिशात हात घालतो. पण जास्त भरणाऱ्या पोराची गोष्ट वेगळी आहे. तो आदल्या रात्रीपासून जेवलेला नसतो. गरम पाण्यात बसून, अंगावर दोन-दोन स्वेटर चढवून पळून घाम काढून आलेला असतो, आणि काटा तरी त्याला अर्धा किलो जास्त दाखवतो. फ्रेड आर्चर इंग्लंडचा तेरा वेळा चँपियन जॉकी, उंचीने पाच फूट दहा इंच. १८८६ च्या केंब्रिजशायर शर्यतीसाठी उपास करून आणि जुलाबाची औषधं घेऊन त्याने वजन उतरवलं, तरी एक पौंड जास्तच भरला आणि घोडा मुंडीभराने हरला. थोड्याच दिवसांनी तापाच्या भ्रमात त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. वय २९. तेव्हापासून इतकी वर्षं लोटली, पण कोविडमध्ये बंद केलेले सॉना, म्हणजे घाम काढायच्या गरम खोल्या, ब्रिटनच्या रेसकोर्सवर पुन्हा उघडलेच नाहीत, तेव्हा कुठे तिकडच्या शहाण्यांना हे उमगलं म्हणायचं.

आणि दंड नेहमी काट्यावर बसणाऱ्यालाच, वाचणाऱ्याला कधी नाही, ही माझी जुनी तक्रार. न्यूयॉर्कमध्ये २००५ साली एकदा उलट झालं: जास्त वजनाच्या जॉकींना मुद्दाम सोडलं म्हणून वजनाच्या खोलीतल्या दोघा अधिकाऱ्यांवरच खटला भरला गेला. पुढे आरोप रद्द झाले. खरं-खोटं कोर्टाला माहीत. पण मला त्यातला प्रश्न आवडला. आकडा वाचणारा माणूस मिंधा असेल तर काटा सोन्याचा असून काय उपयोग?

म्हणून नागावचा हा माणूस मला पटला. त्याला मिंधं व्हायला सगळी कारणं आहेत. समोर उभा असतो तो त्याचा दिवसाचा धंदा. शनिवारी दुपारी मी तिथे नारळपाणी पीत बसलो होतो. पुण्याचं कुटुंब आलं. गृहस्थ काट्यावर चढले, खाली उतरले, खिशातून फोन आणि गाडीच्या किल्ल्या काढून बायकोच्या हातात दिल्या, पुन्हा चढले. (वजनाच्या खोलीत रोज बघितलेला प्रकार.) आकडा ९६. घोडेवाला म्हणाला, “दादा, घोडीला नव्वदच्या वर चालत नाही. फोटो काढा, फोटोचे पैसे नाहीत.” गृहस्थ म्हणाले, “अहो, सहा किलोने काय होतंय? दोनशे जास्त घ्या.” तो म्हणाला, “सहा किलो तुमचे, पाय तिचे.” आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली. शेजारचा दुसरा घोडेवाला त्या गृहस्थांना तत्परतेने घेऊन गेला, हेही सांगून टाकतो.

आणखी एक गोष्ट, मला फार आवडली. काट्याचा आकडा त्याने स्वतःकडे वळवून ठेवलाय. बायका चढल्या तरी आकडा मोठ्याने सांगत नाही, फक्त “ताई, लहान घोडा चालेल” किंवा “ताई, घोडी घ्या” एवढंच. महालक्ष्मीला आकडा चारचौघांत बोलला जायचा, तिथे तसंच हवं होतं. किनाऱ्यावर ह्याचंच बरोबर.

आता पाचवा तारा. त्याची मर्यादा अशी: तट्टांना ७० किलो, घोडीला ९०. सत्तर हा आकडा उगाच नाही. ओझ्याच्या जनावरांसाठी केंद्र सरकारचे १९६५ चे नियम आहेत, त्यात तट्टाला ७० किलो, गाढवाला ५०, खेचराला २०० अशी मर्यादा दिलेली आहे. त्याने ते वाचलेत की नाही ठाऊक नाही. वडील सत्तरच म्हणायचे, असं तो म्हणाला. पण हा सत्तर तो माणसाचा मोजतो, खोगीर वेगळं. आणि त्याचं ते लाकडी सांगाड्याचं, कातडी मढवलेलं खोगीर हातात घेतलं तर आठ-दहा किलोचं सहज भरेल. रेसचं खोगीर कधी कधी किलोभराचंही नसतं, तरी जॉकी ते मांडीवर घेऊनच काट्यावर बसतो, कारण घोड्याच्या पाठीला माणूस आणि कातडं वेगळं कळत नाही. घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांवर ओझं जाऊ नये, खोगिरासकट, असा जाणत्यांचा ढोबळ हिशेब आहे. घोडी चारशे किलोची धरली तरी ऐंशी होतात. नव्वदीचा माणूस अधिक दहाचं खोगीर म्हणजे शंभर. हा हिशेब मी त्याला वाळूत काडीने करून दाखवला. त्याने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काका, दहा किलो उतरवले तर रविवारची निम्मी गिऱ्हाइकं शेजारी जातील.” खोटं बोलला नाही. पण तारा मी ठेवून घेतला.

दुसरी खोट मोठी गमतीची. एक बाप काट्यावर ६८ भरला, तट्टावर बसला, निघाला. शंभर पावलांवर आई मुलाला घेऊन उभी होती. काठावरून मुलगा वर दिला, बापाने पुढ्यात घेतला, आणि फोटोसाठी दोघं मिळून खडकापर्यंत! जाताना बरोबर, पळताना वेगळं. रेसमध्ये हे एका क्षणात पकडलं जातं, कारण परत आल्यावर वजन होतं. मी घोडेवाल्याला म्हटलं, उतरल्यावरही एकदा काट्यावर उभं करत जा. तो इतका हसला की घोडी दचकली. “उतरल्यावर काट्यावर कोण चढणार? त्यांना कोकम सरबत प्यायचं असतं!” बरोबर आहे. शर्यतीत काट्याला दात असतात, कारण परतल्यावर बक्षिसाची रक्कम वाट बघत असते. इथे हातात काय आहे, तर आधीच घेतलेले दीडशे रुपये. पण गेल्या वेळी पाहिलं, तर मोठ्या माणसाच्या सवारीलाही पोरगा लगाम धरून शेवटपर्यंत चालत होता. वाटेत कोणी मूल पुढे केलं की तो घोडा थांबवून उभा राहतो, बस्स. माझं ऐकून केलं म्हणत नाही. पोराचा पगार वाचवण्यापेक्षा त्याने हे बघितलं, ही गोष्ट लिहिण्यासारखी.

काट्याबद्दल थोडं, कारण वाचणाऱ्यांत मासळीवाले आणि किराणावाले असतीलच. किनाऱ्यावर इलेक्ट्रॉनिक काटा टिकवणं सोपं नाही. खारी हवा, वर बारीक वाळू, वजन मोजणाऱ्या लोड सेलच्या फटीत मीठ जमतं आणि आकडा नाचायला लागतो. हा काटा त्याने मासळी विकणाऱ्या मेहुण्याकडून जुना घेतलाय, पासिंगचा, म्हणजे सरकारी तपासणीचा, शिक्का अजून दिसतो, मुदत संपलेली. तो काही वजनावर विकत नाही, त्यामुळे दरवर्षीचं पासिंग त्याला लागत नसावं. पण रोज सकाळी बाजूच्या दुकानातून वीस किलोचं लोखंडी वजन आणून तो काट्यावर ठेवून बघतो. रात्री प्लास्टिकच्या गोणीत गुंडाळून घरी नेतो. फळी मात्र अधूनमधून तिरकी होते, वाळू खचते. तिच्याखाली दोन चिरे बसवले तर काम होईल. जांभा त्याच्या अंगणात पडलेलाच असणार.

कधी जावं? ओहोटीला. भरतीला पुळण अरुंद होते, घोडे कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालतात आणि दमतात. ओल्या कठीण पुळणीवर त्यांची चाल मोकळी होते. मार्च ते मे दुपारी जाऊ नका. त्याच १९६५ च्या नियमांत ३७ अंशांच्या वर तापमान असलेल्या ठिकाणी दुपारी बारा ते तीन जनावर जुंपू नये असं आहे. आपल्याकडे समुद्राकाठी पारा तिथवर क्वचित चढतो, म्हणून नियम मोडल्यासारखं कोणाला वाटत नाही. पण घोडा घामाने थंड होतो, आणि आपल्या हवेत घाम वाळतच नाही. त्याचे घोडे एप्रिलमध्ये साडेबाराला उभे पाहिले, सावलीत, पाण्याचं घमेलं समोर, तरी तोंडाला फेस. ते मला आवडलं नाही आणि तसं मी त्याला सांगितलं.

मुंबईहून येत असाल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो घ्या, गाडी बरोबर आणता येते. पैसे फोनवरून देता येतात. लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर हेल्मेट आपलं न्या. आणि नव्वदच्या वर असाल, मन दुखत असेल, तर अलिबागच्या किनाऱ्यावरून ओहोटीला कुलाबा किल्ल्यापर्यंत टांगा जातो. तिथे कोणी वजन विचारत नाही.