आठ महिने प्रेशर वॉशरने कॅम्पर धुतल्यावर: काय पटलं, काय नडलं

मागच्या दिवाळीत १३० बार दाबाचा, विजेवर चालणारा प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याची जोरदार धार सोडणारं मशीन घेतलं. सोबत शाम्पूचा फेस मारायची फोमची बाटली आणि ३ मीटर दांड्याचा मऊ ब्रश. आता आषाढ लागलाय. एवढ्या काळात वीसएक वेळा आमची कॅम्पर, म्हणजे मागे राहायची सोय असलेली गाडी, धुऊन झाली. गाडी चालवणं नवऱ्याकडे आणि धुणं माझ्याकडे, म्हणून हा अनुभव मी लिहिते आहे.

गाडी ट्रॅव्हलर मिनीबसच्या चेसिसवर (खालच्या सांगाड्यावर) बांधून घेतलेली. मागचं घर म्हणजे बाहेरून फायबरचा पातळ थर, मध्ये फोमचा थर, आतून प्लायवूड. छतावर दोन सोलर पॅनल आणि हवेसाठी एक झडप. आम्ही फैजपूरजवळ राहतो. अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्त्याने शहाद्यापर्यंत जाऊन आलं की गाडीचा मूळ रंग कोणता होता ते आठवावं लागतं. उन्हाळ्यात फुफाटा, पावसात काळ्या मातीचा चिखल, आणि घरी उभी केली तर शेजारीच केळीचा माल भरायची जागा.

आधी मशीनबद्दल. चाकं, मडगार्ड, चेसिसच्या कोपऱ्यांत बसलेला चिखल यासाठी याला तोड नाही. वाळलेली काळी माती सिमेंटसारखी धरून बसते. पूर्वी काडीने खरवडायला अर्धा तास जायचा, आता चार चाकं दहा मिनिटांत निघतात. पाणीही कमी लागतं. मशीनच्या बंदुकीने १५ लिटरची बादली भरून पाहिली तर सव्वादोन मिनिटांच्या वर लागली, म्हणजे मिनिटाला साधारण ६.५ लिटर. मे महिन्यात बोअर आटत आलेलं असताना हे मोलाचं वाटलं.

पण गाडीवरच्या घराच्या भिंतींवर हेच मशीन घात करतं, आणि तो आमच्या बाबतीत झाला. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो होतो. घोड्यांच्या बाजारातली धूळ खिडक्यांच्या फटीफटीत बसलेली. घरी आल्यावर नोझल वीतभर अंतरावर धरून खिडकीच्या खालच्या कडेला खालून वर मारा केला. धूळ लगेच निघाली, मला समाधान वाटलं. तिसऱ्या दिवशी भाऊजी आत काही ठेवायला गेले आणि तिथूनच ओरडले, "वहिनी, हे प्लाय फुगलंय." हात लावला तर भिंत ओली, आणि कुबट वास.

घराच्या गच्चीवरची टाकी १० मीटर उंच असेल तर नळाला १ बार दाब मिळतो. माझ्या हातात १३० होता. नोझलपासून दूर जाईल तसा त्याचा जोर झपाट्याने कमी होतो, पण वीतभरावर तो पुष्कळ उरतो. खिडकीचं रबर वरून पडणारं पाणी खाली सोडून देण्यासाठी असतं, खालून येणारा फवारा अडवण्यासाठी नसतं. पाणी एकदा फोम आणि प्लायच्या मध्ये शिरलं की त्याला बाहेर पडायला वाट नाही. वेळीच कळलं नाही तर बाहेरचा थर सुटून पोट आल्यासारखा फुगतो. आम्ही आतली पट्टी काढून दहा दिवस पंखा लावला, प्लायचा तुकडा बदलला, कड पॉलियुरेथेन सीलंटने पुन्हा भरली. डिसेंबरातली कोरडी हवा होती म्हणून वाळलं. श्रावणात हे झालं असतं तर भिंत गेली असती.

तेव्हापासून भिंतीवर फक्त ४० अंशांचं पसरट नोझल, हात-दीड हात नव्हे तर चांगलं मीटरभर अंतर, आणि धार नेहमी वरून खाली. खिडक्या, दाराची कड, फ्रिजच्या जाळ्या, छतावरची झडप, स्टिकरच्या कडा, दिव्यांचे सांधे इथे मशीन बंद आणि साधा पाइप. सुईसारखी धार सोडणारं शून्य अंशाचं नोझल मी डब्यातून बाहेरच काढत नाही.

मळ काढायचं काम दाबाने नाही, शाम्पूच्या फोमने करायचं. आधी नुसत्या पाण्याने माती खाली उतरवायची, कारण त्यात वाळूचे कण असतात आणि तसाच ब्रश फिरवला तर चकाकीवर गोल गोल ओरखडे उठतात. मग फोम, पाच मिनिटं थांबणं, मऊ ब्रश, पाणी. दोन बादल्या: एकीत शाम्पू, दुसरीत ब्रश खळबळायला साधं पाणी. कपड्यांची साबणपूड किंवा भांड्यांचा साबण वापरू नका, त्याने मेण निघून जातं आणि फायबर लवकर खडूसारखं पांढुरकं पडतं. आमच्या खिडक्या काचेच्या नाहीत, ॲक्रिलिकच्या आहेत. त्यांना काच पुसायचा निळा फवारा अजिबात नको. अल्कोहोल आणि अमोनियाने ॲक्रिलिकमध्ये बारीक जाळीसारख्या चिरा पडतात आणि त्या जात नाहीत.

वेळ हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांना टेकतो आणि पत्र्याला हात लावता येत नाही. शाम्पू जागच्या जागी वाळून डाग होतो, तापलेल्या सोलर पॅनलवर गार पाणी ओतलं तर काच तडकायची भीती. मी पहाटे साडेपाचला सुरू करते, ऊन चढायच्या आत संपवते. त्यातही आमचं बोअरचं पाणी क्षाराचं. पुसायला उशीर झाला की पांढरे ठिपके. म्हणून एक एक बाजू धुवायची आणि लगेच मायक्रोफायबरने कोरडी करायची, मगच दुसरी बाजू. पावसाळ्यात पन्हाळीचं पाणी पिंपात साठवते आणि शेवटचा हात त्याचा फिरवते. फरक डोळ्यांना दिसतो.

छतावर मी चढत नाही. ओलं फायबर शेवाळासारखं निसरडं होतं. शिडी भाऊजी धरतात आणि लांब ब्रशने जमेल तेवढं. छत मात्र टाळायचं नाही, कारण भिंतींवरचे काळे ओघळ तिथूनच येतात.

केळीचा चीक हा वेगळाच छळ. ओला असताना पाण्याने जातो, वाळला की तपकिरी-काळा होऊन बसतो. दोन डाग पॉलिशने घासूनही पुसट उरलेत. आता गाडीची जागाच बदलली.

मशीनच्या तक्रारी दोन. चौथ्या महिन्यात पाइपचा प्लास्टिकचा जोड गळू लागला आणि सर्व्हिस सेंटरने साध्या जोडासाठी तीन आठवडे लावले. दुसरं, आत जाणाऱ्या पाण्याची जाळी बोअरच्या गाळाने तुंबते, ती दर वेळी धुवावीच लागते. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मोटर नुसती गुरगुरते, तेव्हा लगेच बंद करते. बोर्डाला गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच बसवून घेतलाय. ओल्या जमिनीवर उभं राहून विजेचं यंत्र हातात धरायचं, तिथे तो नसेल तर मी मशीन सुरूच करणार नाही. गाडीची बाहेरची वीजजोडणीही आधी काढते.

परवा पहिल्या मोठ्या पावसानंतर आत टॉर्च मारून चारही खिडक्यांच्या खालचं प्लाय बोटाने दाबून पाहिलं. कोरडं होतं. मागच्या खिडकीचं रबर मात्र एका कोपऱ्यात कडक झालंय, ते जोरदार पाऊस सुरू व्हायच्या आत बदलायचं आहे.