आस्से २: पिंपं बाहेर काढायची की खाण भरून टाकायची?

जर्मनीतल्या या जुन्या मिठाच्या खाणीत १९६७ ते १९७८ दरम्यान किरणोत्सारी कचऱ्याची सुमारे १,२६,००० पिंपं ठेवली. १९८८ पासून आत रोज साधारण १२ घनमीटर खारं पाणी झिरपतंय.

पोकळ्या काँक्रीटने भरून उरलेल्या जागेत मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण सोडणं झटपट होतं, कामगारांना किरणांची मात्राही कमी. साधं खारं पाणी खाणीतलं कार्नालाइट नावाचं मीठ विरघळवतं, मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण मात्र ते वाचवतं. पण पिंपं गंजून वायू साचतो, दाबाने दूषित द्रावण वर ढकललं जाऊ शकतं. तेव्हा दुरुस्तीला वाटच नसते.

पिंपं बाहेर काढायची तर नवा शाफ्ट (खाणीत उतरणारा उभा मार्ग), दूरनियंत्रित यंत्रं, वर नवं साठवणघर, दशकं जातील. काही पिंपं वरून नुसती ओतलेली, म्हणून चेपलेली. तरीही आम्ही काढण्याच्याच बाजूने. २०१३ च्या कायद्यानेही तेच ठरवलं. मात्र तोवर पाणी उपसणं एक दिवसही थांबता कामा नये.